चकतीवरची साय

८ मार्च

ताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच ठेवतेस, म्हणून हे कागदावर. फाडायचा म्हटलं तरी कागद हातात घ्यावा लागतो. तेवढ्यात पहिली ओळ तरी डोळ्यांखालून जाईल.

पहिली ओळ कामाचीच आहे: मला जाड्याची अँटिबॉडी हवी आहे.

आता चिडून घे. झालं? मग पुढे वाच.

आपल्या जुन्या लॅबमधली बाटली गेली. सुट्टीत फ्रीझर बंद पडला, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आल्यावर दार उघडलं तर आत सगळं कोमट पाणी. जाड्या ससा जाऊनही आता वर्षं झाली, तो काही पुन्हा येऊन रक्त देणार नाही. नवा ससा आणायचा, त्याला आपलं प्रथिन टोचायचं, त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार व्हायची वाट बघायची, यात वर्ष जाईल. आणि तीही जाड्यासारखी नेमकं त्याच प्रथिनाला धरेल, बाकी कशाला शिवणार नाही, याची हमी कोण देणार? तू इथून जाताना अर्धी बाटली बरोबर नेलीस तेव्हा मी आईला म्हटलं होतं, बघ, फ्रीझरसुद्धा वाटून घेतला तुझ्या लेकीने. आता म्हणते, बरं केलंस बाई.

सरांनी मला पावसाळ्यातल्या परिषदेपर्यंत मुदत दिली आहे. फोडवाल्या माश्यांमध्ये पेशींच्या बाहेर आवरण आहे असं दाखवायचं, नाहीतर विषय सोडायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला हात लावायचा. वर हेही ऐकवलं, "तुझ्या बहिणीने एकदा दाखवून दिलंय, तू कशाला भिंतीवर डोकं आपटतेस?"

तुझं म्हणणं मला पाठ आहे. ज्या माश्यांच्या पंखांवर फोड येतात, त्यांच्यात आपलं प्रथिन पेशींच्या आतच अडकून पडतं. बाहेर येत नाही, म्हणून पेशींवर आवरण चढत नाही, म्हणून पंखाचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि फोड येतो. गोष्ट सुरेख आहे. चित्रं तर काय, दृष्ट लागावी अशी. त्या चित्रांवर तुला इतक्या लांब स्वतःची लॅब मिळाली तेव्हा इथे सगळ्यांना चहा मीच पाजला होता, विचार कुणालाही.

पण मला माझ्या चकत्यांवर, अळीच्या पोटातल्या त्या कोवळ्या पंखांवर, पेशींच्या बाहेर अँटिबॉडीचं हिरवं दिसतं, ताई. तेव्हाही दिसत होतं. म्हणूनच गेल्या परिषदेत तुझं भाषण झाल्यावर मी उभी राहिले आणि सरळ विचारलं. त्यावर तू माईकवरून काय म्हणालीस? "ज्यांना टिश्यू साफ करता येत नाही, त्यांना काहीही दिसतं." अख्खा हॉल हसला. सर हसले. माझ्या शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा हसला, त्याला तर माश्यांमधलं काही कळतही नव्हतं.

घरात तू मला गबाळी म्हणत होतीस ते मी मुकाट ऐकलं. कपाट गबाळं, अक्षर गबाळं, वेणी गबाळी. पण चारचौघांत, माईकवरून? त्या दिवसापासून आपला अबोला. आई म्हणते, दोघी सारख्याच हट्टी. मी म्हणते, मी हट्टी आणि ती आढ्यतेखोर, दोन्ही एक नव्हे.

थोडीशी पाठव, कोरड्या बर्फात घालून. तुझं खरं असेल तर तुझ्याच अँटिबॉडीने माझं तोंड कायमचं बंद होईल. असा मोका पुन्हा मिळायचा नाही तुला.

नाइलाजाने तुझीच,
गबाळी


२७ मार्च

ताई,

डबा आला.

मला वाटलं होतं रिकामा येईल. उघडला, बर्फाचा धूर निघाला, आणि आत करंगळीएवढी नळी. तुझं ते मोत्यासारखं अक्षर. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर दोनच वाक्यं: "पाचशे पटीने पातळ कर. हात स्वच्छ ठेव." ना गबाळे, ना कशी आहेस. असो. हात साबणाने धुतले, दोनदा, तुझ्या समाधानासाठी.

नळीत तीन वेळचं होईल एवढंच आहे हे मी बघितलं. तुझ्याकडेही फार उरलं नसणार. तरी पाठवलंस. थँक्यू. हा शब्द लिहिताना पेन अडत होतं, पण लिहिला.

आता ऐक, मी काय केलं. फोडवाल्या माश्यांच्या अळ्या घेतल्या, आणि शेजारी धडधाकट माश्यांच्या. अळीचे दोन तुकडे करून ती मोजा उलटावा तशी उलटली. माझा चिमटा अजून तोच आहे, टोक वाकडं झालेला, तू टाकून दे म्हणत होतीस तो. आत पंखांच्या चकत्या होत्या जागच्या जागी. इतकी वर्षं बघते, तरी प्रत्येक वेळी गंमत वाटते. सरपटणाऱ्या अळीच्या पोटात उद्याचे पंख चिमूटभर घडी घालून ठेवलेले.

मग पेशी जिवंत असतानाच, बर्फावर, जाड्याची अँटिबॉडी. साबण नाही. साबणाने पेशींना भोकं पडतात, अँटिबॉडी आत शिरते आणि आतलं-बाहेरचं सगळंच उजळतं. साबण नाही म्हणजे जे काही चमकेल ते नक्की बाहेरचं. त्यानंतर सगळं फिक्स केलं, म्हणजे औषध घालून आहे तसं पक्कं केलं, आणि मग सशाच्या अँटिबॉडीला धरणारी दुसरी, हिरवी चमकणारी अँटिबॉडी घातली. तुला हे सगळं माहीत आहे, पण मला लिहायला मजा येते, आणि तू माझ्या चुका शोधत वाचणार हेही मला माहीत आहे. शोध.

आपले मायक्रोस्कोपवाले काका आठवतात ना? अजून तसेच आहेत, काचेवर बोटाचा ठसा दिसला की उपाशी राहिल्यासारखं तोंड करतात. त्यांनी पहिली काच लावली, धडधाकट माशीची. चकतीभोवती सलग हिरवी रेघ. ठीक. मग फोडवाल्या माशीची लावली.

दिसलं, ताई! सलग नव्हतं. ठिकठिकाणी, ठिगळं लावल्यासारखं. पण पेशींच्या बाहेर, आणि असं लख्ख की काका स्वतः म्हणाले, "अरे वा." काका अरे वा म्हणाले! तू इथे होतीस तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून कधी ऐकलं होतंस?

मी नाचत सरांना बोलवायला गेले. सर आले, वाकले, बघितलं, आणि चष्मा पुसत म्हणाले, "ही ठिगळं जिथे आहेत तिथे चरबीचे तुकडे आहेत. श्वासनळ्यांचे दोरेही तसेच लोंबतायत. अँटिबॉडी त्या घाणीला चिकटली आहे. नीट साफ करून पुन्हा कर."

हेच तुझं वाक्य, फक्त माईक नव्हता.

तर आता नीट साफ करणार आहे. तुझ्यासारखं. बघू कोण हसतं.

गबाळी


११ एप्रिल

ताई,

खूश हो. काही दिसलं नाही.

मी इतकं साफ केलं की तू असतीस तर पाठ थोपटली असतीस. नवा चिमटा काढला. श्वासनळीचा प्रत्येक दोरा, चरबीचा प्रत्येक कण हळूच धरून ओढून काढला. चकत्या अशा निघाल्या, जणू तूच काढल्यात. सर बघून म्हणाले, "आता कशी! हे बहिणीचं काम वाटतं." आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

धडधाकट चकत्यांवर रेघ होती तशीच आहे. फोडवाल्यांवर काळोख. एक ठिपका नाही. तुझं छापून आलेलं चित्र आणि माझं चित्र शेजारी ठेवलं तर काकांनाही सांगता येणार नाही कुणाचं कुठलं.

सर म्हणाले, "लिहून टाक आता. तुझी बहीण बरोबर होती, आणि तू ते पुन्हा पडताळून बघितलंस. यातही मान आहे." यातही मान आहे! मी जिन्यात जाऊन बसले आणि रडले. राग आला की रडू येतं, हे तुला माहीत आहे, आणि तू त्याला नाटक म्हणतेस हे मला माहीत आहे.

हे एवढं का लागलं मला, ते सांगते. मी डोळ्यांनी बघितलं होतं. घाण म्हणे! घाणीला चिकटलेली अँटिबॉडी मी हजारदा पाहिली आहे. ती भुरभुरीत असते, पिठासारखी. हे तसं नव्हतं. याला कड होती. मी गबाळी असेन, आंधळी नाही.

आई इथे आली आहे, चार दिवस राहीन म्हणते. माझं तोंड बघून तिने संत्रं सोलायला घेतलं. फोडी माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "तुझं बरं, तू कशीही खातेस. तुझ्या ताईला एकेका फोडीवरचा दोरा काढून द्यावा लागायचा. मग ती वरचं पातळ सालही सोलायची, नुसता गर उरेपर्यंत. तासभर एक संत्रं चालायचं."

मी हो हो म्हटलं आणि दोऱ्यासकट खाल्लं. माझं लक्ष नव्हतं. तुझ्या नळीत एका वेळचं उरलंय. ते कशावर घालवायचं ते कळत नाही, आणि सर म्हणतात आता घालवूच नकोस.

चिडलेली,
गबाळी


१९ एप्रिल

ताई! ताई! ताई!

खुर्चीत नीट बस. चहाचा कप हातात असेल तर खाली ठेव.

आधी संत्रं. मागचं पत्र टाकून घरी आले, आई झोपली होती, टेबलावर दुसरं संत्रं होतं. म्हटलं बघू तरी ही बया कशी खात होती. तुझ्यासारखं सोलायला बसले. दोरा धरला आणि ओढला, तर त्याच्याबरोबर फोडीवरचं पातळ सालही सरसर निघून आलं. हातात नुसता ओला गर. ताटलीत साल. त्या संत्र्याचं साल मुळात गेलंच कुठे नव्हतं ना, ताई? ते ताटलीत पडलं होतं.

आईला उठवलं. ती घाबरली, कोण गेलं म्हणाली. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, उलट सापडलं. तिने कूस बदलली.

मी काय केलं असेल, सांग. मी कचरा रंगवला.

हसू नकोस. फोडवाल्या अळ्यांच्या चकत्या तुझ्या पद्धतीने साफ केल्या, अगदी मायेने, पण ओढून काढलेला एकेक दोरा, एकेक चरबीचा कण फेकला नाही, वेगळ्या वाटीत जमवला. धडधाकट अळ्यांचंही तसंच. दोन वाट्या, दोन्हींत कचरा. आणि जाड्याची शेवटची अँटिबॉडी त्या कचऱ्यावर ओतली. चकत्यांसाठी थेंब ठेवला नाही. जगातली शेवटून दुसरी नळी, आणि ती मी घाणीवर घालत होते. सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नळी खिशात घालून घरी नेली असती.

तिसऱ्या वाटीत फोडवाल्यांचाच कचरा, पण जाड्याची अँटिबॉडी न घालता, फक्त हिरवी. हिरवी नुसतीच चरबीला चिकटते म्हणणाऱ्यांसाठी. म्हणजे तुझ्यासाठी.

काकांनी काचेवरचं लेबल वाचलं. "कचरा? माझ्या मायक्रोस्कोपखाली?" मी म्हटलं, काका, तुमच्या पाया पडते. काका म्हणाले, पाया पडू नकोस, काच पूस.

तिसरी वाटी आधी लावली. काळी. छान. धडधाकट माश्यांचा कचरा: तोही काळा, कारण त्यांचं आवरण घट्ट चकतीवर बसलेलं, दोऱ्याबरोबर येत नाही. आणि मग फोडवाल्यांचा.

अख्खं आवरण होतं, ताई. दोऱ्याला लटकलेलं, दुधावरची साय चमच्याला यावी तसं. हिरवंगार. फाटलेलं, चुरगळलेलं, पण सलग. आणि त्याच्यावर चकतीच्या घड्यांचे ठसे जसेच्या तसे! कुठली घडी कुठे होती ते बोट ठेवून सांगता येईल. पायातून मोजा काढला तरी त्याला पायाचा आकार राहतो ना, तसा. चरबीला चिकटलेल्या घाणीला पंखाच्या घड्या कशा पडतील?

काकांनी खुर्ची मागे ओढली, मला बसायला दिली, आणि स्वतः उभे राहिले. मग म्हणाले, "जा, बोलाव त्यांना." मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढेना, तर काकाच गेले.

सरांनी बघितलं. पुन्हा बघितलं. काचा अदलाबदल झाल्या नाहीत ना म्हणून लेबलं तपासली. मग तिथेच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं आवरण ओढून काढत होतो, आणि मग आवरण नाही असं लिहीत होतो." मी म्हटलं, आपण नव्हे सर, तुम्ही लोक. मी साफ करत नव्हते. सर हसले, यावेळी माझ्याबरोबर.

तर ऐक. प्रथिन आत अडकत नाही. बाहेर येतं, आवरण चढतं, सगळं यथास्थित होतं. फक्त या माश्यांमध्ये ते पेशींना घट्ट धरून राहत नाही. हलक्या हाताने दोरा ओढला तरी सुटून येतं. म्हणून पंखावर फोड. आणि म्हणून, जितका हात स्वच्छ तितकं आवरण गायब. तुझ्यापेक्षा स्वच्छ हात कुणाचा नाही, म्हणून तुला ते कधीच दिसलं नाही. माझ्या आळसामुळे जिथे जिथे चरबी राहून गेली, तिथे तिथे ठिगळ शिल्लक राहिलं होतं.

मी जिंकले! नाकावर टिच्चून जिंकले! आईने शेजारणीला सांगितलं की मुलीला कचऱ्यात काहीतरी किमती सापडलंय. शेजारीण विचारत होती, सोन्याचं का?

चित्रं सोबत पाठवते. सर म्हणाले, परिषदेला आजच कळवू. मी म्हटलं, आधी ताईला.

तुझी, आणि आज फारच तुझी,
गबाळी


६ मे

ताई,

तीन पानं! अबोला सुटला म्हणून आधी पत्राला कपाळ लावलं, मग वाचलं, मग भिंतीवर फेकलं, मग उचलून पुन्हा वाचलं.

तुझे मुद्दे घेते. एक, साफ करताना पेशी फुटल्या असतील आणि आतलं प्रथिन बाहेर सांडलं असेल. सांडलेल्याला घड्यांचे ठसे नसतात, ताई. चित्र पुन्हा बघ, आणि या वेळी राग बाजूला ठेवून बघ. दोन, एकदाच केलं. खरं आहे. अँटिबॉडी संपली, मी कुठून पुन्हा करू? तीन, "तू काही झालं तरी मला खाली पाडायचंच ठरवलं आहेस."

हा मुद्दा नाही, हे भांडण आहे. तरी उत्तर देते.

मला जिंकायचं होतं. आहे. शाळेत असल्यापासून आहे. तू पहिली यायचीस आणि बाई मला म्हणायच्या, तू हिची बहीण? पण तुला पाडून मी काय करू? मला चिमटा धरायला कुणी शिकवलं? मी पहिली अळी चिरडली तेव्हा तू माझा हात धरून दुसरी उलटवून दाखवलीस, आठवतंय? मी जे दाखवलं त्याला जगाने हो म्हटलं आणि तू नाही म्हणालीस, तर मला ते गोड लागणार नाही. तुझं हो पाहिजे मला, तेवढं एकच पाहिजे. झालं, लिहिलं. आता त्यावर हसायचं असेल तर हस.

म्हणून मी सरांना सांगितलं की ताईने स्वतः बघेपर्यंत मी परिषदेत उभी राहणार नाही. सर केवढ्याने ओरडले! म्हणाले, नावं द्यायची मुदत संपत आली, तुझं डोकं फिरलंय का, आणि ती नाहीच म्हणाली तर? मी म्हटलं, तर विषय सोडेन. बोलून तर बसले, आता मागे घेता येत नाही.

माश्या पाठवते आहे. फोडवाल्या, कापसाचे बोळे घट्ट लावलेल्या नळ्यांमध्ये, खाणं घालून. वाटेत आंबूस वास येईल, पार्सलवाल्यावर ओरडू नकोस. तुझ्या नळीत उरलेली जाड्याची अँटिबॉडी काढ. जगातली शेवटची आहे, माहीत आहे मला. तुझ्या हाताने कर, मला मध्ये घेऊ नकोस.

एकच अट. साफ करू नकोस. अळी उलट, चकती सोडव, आणि हात मागे घे. दोरे लोंबू दे. चरबी राहू दे. तुझ्या बोटांना खाज सुटेल, तेव्हा चिमटा टेबलावर ठेव आणि खिडकीबाहेर बघ. एकदा, फक्त एकदा, माझ्यासारखी गबाळी हो.

जे दिसेल ते पाठव. काळोख दिसला तर काळोख पाठव. तू खोटं पाठवणार नाहीस, हे मला माझ्या चित्रापेक्षा जास्त पक्कं माहीत आहे.

वाट बघणारी,
गबाळी


३० मे

ताई,

पाकीट आलं तेव्हा मी माश्यांना खाणं घालत होते. हात चिकट. काका म्हणाले, आण, मी फोडतो. मी म्हटलं, हात लावाल तर बघा! दातांनी फोडलं.

आधी मला वाटलं, तू चुकून माझंच चित्र परत पाठवलंस. इतकं गबाळं! श्वासनळी आडवी पडलेली, कोपऱ्यात चरबीचा ढीग, चकती वाकडी, काचेवर एक बुडबुडाही. तुझ्या हातून बुडबुडा! आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, चकतीभोवती, या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी रेघ. ठिगळं नव्हेत. कुठेही तुटलेली नाही. माझ्या चित्रापेक्षा चांगली! माझ्यात निम्मं तरी ओढलं गेलं होतं, तू खरंच हात मागे घेतलास. मेले, गबाळेपणातसुद्धा पहिली आलीस.

मग उलटून मागचं वाचलं. "एवढी घाण चकती मी जन्मात काचेवर ठेवली नव्हती. आवरण आहे. सगळीकडे आहे. तू बरोबर होतीस. हॉलमध्ये मी बोलले ते बोलायला नको होतं."

काकांनी विचारलं, काय म्हणते? मी कागदच त्यांच्या हातात दिला. काकांनी वाचला, चित्र उजेडाकडे धरलं, आणि म्हणाले, "अरे वा." दुसऱ्यांदा! मग ती बातमी सगळ्या मजल्यावर गेली. सर आले, धुणीभांडी करणाऱ्या मावशी आल्या, पलीकडच्या लॅबमधले दोघं आले, चित्र हातोहात फिरलं. माझे डोळे वाहतायत आणि मी प्रत्येकाला सांगतेय, हे माझ्या बहिणीने काढलंय, बघा, बुडबुडा बघा!

आता निर्णय सांगते, तू विचारलेला नसतानाही. परिषदेला नावं गेली. पहिलं माझं, आणि लगेच शेजारी तुझं. हात कुणाचा वर, यावर भांडायला आयुष्य पडलंय. भाषणात आधी तुझं जुनं स्वच्छ चित्र दाखवणार, मग माझा कचरा, आणि शेवटी तुझी ही घाण चकती. ती दाखवायला मी खाली उतरणार आणि तू वर येणार. माईक तुझ्या हातात असेल. ज्या हॉलमध्ये बोललीस, त्याच हॉलमध्ये बोल. या वेळी कुणी हसलं तर मी पाहून घेते.

तुझ्या लॅबची काळजी करू नकोस. आपण चुकलो हे स्वतःच्या हाताने दाखवणारं माणूस सरांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं म्हणे. मला म्हणाले, तुमच्या आईला भेटायला पाहिजे. मी म्हटलं, या, संत्रं मिळेल.

जाड्याची अँटिबॉडी संपली. तुझ्याकडेही, माझ्याकडेही. सरांनी नवा ससा मागवलाय. काळा आहे, कान मोठे. नाव तू ठेव. ठेवायला तुला इथे यावं लागेल, सशांची नावं पत्रातून ठेवत नाहीत.

थांब. फोन वाजतोय.

तुझं नाव दिसतंय.

वाजू दे थोडा. मी इतके महिने वाजवला, तूही ऐक जरा कसं वाटतं ते. तीनदा वाजला. चार दिवसांसाठी आलेली आई अजून इथेच आहे, आतून ओरडतेय, अगं उचल ना! चौथ्यांदा. आता तू ओठ चावत असशील, मला माहीत आहे.

जाऊ दे, घेते.